मुलांचा दमा: पंपाने फुप्फुसं खरंच सुधारतात का?

चिपळूणच्या एका आईने विचारलं आहे. मुलगी आठ वर्षांची, वजन २४ किलो. गेले दोन पावसाळे तिचा रात्रीचा खोकला थांबत नाही, धावली की छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि वर्षभरात दोनदा ॲडमिट करावं लागलं. आता बालरोगतज्ज्ञांनी स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घेतली. रिपोर्टात एफईव्ही-१ अपेक्षित आकड्याच्या ७६ टक्के आला, आणि श्वासनळ्या उघडणारं साल्ब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासल्यावर ९० टक्के. त्यांनी ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा १०० मायक्रोग्रॅमचा पंप सकाळ-संध्याकाळ एकेकदा, स्पेसरमधून (पंपाला लावायच्या रिकाम्या नळीतून), लिहून दिला आहे. धाप लागली तर साल्ब्युटामॉलचा दुसरा पंप. सासूबाई म्हणतात, एकदा पंप लागला की सुटत नाही. मुलीच्या बाबांना स्टेरॉइडची धास्ती आहे, उंची खुंटेल म्हणतात. आईचे प्रश्न तीन: या पंपाने तिची फुप्फुसं सुधारतील का, किती दिवसांत, आणि तो आयुष्यभर घ्यावा लागेल का?

ताई, आधी थोडक्यात सांगते. पंप नीट आणि रोज घेतला तर ७६ चा आकडा वर येण्याची शक्यता खूप चांगली आहे. खोकला आणि शिट्टी एक-दोन आठवड्यांतच कमी व्हायला लागेल, आकडा पुढच्या एक-दोन महिन्यांत सुधारेल. पण हे औषध घेत असेपर्यंत काम करतं. दम्याची मूळ प्रवृत्ती ते पुसून टाकत नाही. लहान मुलांच्या दम्यात मी बरीच वर्षं काम करते आहे, आणि औषध चुकीचं लिहिल्यामुळे मूल बरं होत नाही असं मला क्वचित दिसतं. बहुतेक वेळा औषध बरोबर असतं, ते छातीपर्यंत पोचतच नाही. म्हणून या उत्तरात पंप कसा घ्यायचा यावर मी जास्त लिहिणार आहे.

तुमचा रिपोर्ट चांगली बातमी सांगतो आहे, ती तुम्हाला कुणी समजावली की नाही ठाऊक नाही. एफईव्ही-१ म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा. ती मुलीच्या वयाच्या आणि उंचीच्या मुलांशी ताडून टक्क्यांत देतात. पंधरा मिनिटांत ७६ वरून ९० म्हणजे १४ टक्क्यांची वाढ झाली. मुलांमध्ये १२ टक्क्यांच्या वर वाढ दिसली की आम्ही म्हणतो, अडथळा आहे पण तो सुटणारा आहे. नळ्या कायमच्या अरुंद झालेल्या नाहीत, आवळलेल्या आणि सुजलेल्या आहेत. दम्याचं निदान पक्कं करणारी ही खूण आहे, आणि उपचाराला प्रतिसाद मिळेल असंही तीच सांगते. एक लक्षात ठेवा, दमा असलेल्या कितीतरी मुलांची स्पायरोमेट्री झटका नसताना अगदी नॉर्मल येते. उद्या तिचा आकडा ९५ आला म्हणून दमा गेला असं नाही, आणि आज ७६ आहे म्हणून ती आजारी फुप्फुसं घेऊनच मोठी होणार असंही नाही.

आता दोन पंपांची गोष्ट, कारण घरोघरी घोळ इथेच होतो. साल्ब्युटामॉल नळीभोवतीचे आवळलेले स्नायू सैल करतं. पाच मिनिटांत आराम पडायला लागतो, चार-सहा तासांनी परिणाम ओसरतो. सुजेवर ते काहीही करत नाही. ब्युडेसोनाइड सूज उतरवतं. ते घेतल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही, आणि म्हणूनच लोक ते सोडतात. “पहिल्या पंपाने लगेच बरं वाटतं, दुसऱ्याचा काही उपयोग दिसत नाही” हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक ओपीडीत ऐकू येतं. मग होतं काय, आराम देणारा पंप वारंवार वापरला जातो, सूज आत तशीच वाढत राहते, आणि एका रात्री सर्दीचं निमित्त होऊन मूल एकदम खालावतं. ब्रिटनने दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा एकेक करून केलेला तपास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या औषधांची नोंद मिळाली त्यांतल्या ३९ टक्के रुग्णांना शेवटच्या वर्षात आराम देणारे पंप १२ हून अधिक दिले गेले होते. साल्ब्युटामॉल वाईट आहे असा याचा अर्थ नाही. ते सारखं लागतंय म्हणजे सुजेचं औषध कमी पडतंय किंवा पोचत नाही, आणि हा इशारा कुणी वाचला नाही, असा अर्थ आहे. तुमच्या मुलीला झटका नसलेल्या दिवसांत साल्ब्युटामॉल आठवड्यातून दोनदाहून जास्त लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

याच कारणाने २०१९ पासून ‘जिना’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने १२ वर्षांवरच्या रुग्णांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये असं स्पष्ट सांगितलं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीही सुजेचं औषध हवंच, एवढं सगळीकडे मान्य आहे. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप रोजही आणि गरजेलाही वापरायची पद्धत या वयातही काही मुलांना लागू पडते. २०२५ मध्ये न्यूझीलंडमध्ये ५ ते १५ वर्षांच्या, सौम्य दमा असलेल्या मुलांवर झालेल्या अभ्यासात फक्त गरजेपुरता हा जोडपंप वापरणाऱ्यांना साल्ब्युटामॉल वापरणाऱ्यांपेक्षा झटके सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आले. तुमच्या मुलीला दोनदा ॲडमिट व्हावं लागलं आहे, त्यामुळे तिला रोजचंच औषध हवं. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली सुरुवात मला योग्य वाटते.

“फुप्फुसं सुधारतील का” या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर अमेरिका-कॅनडातल्या ‘कॅम्प’ या अभ्यासाबद्दल सांगायला हवं. ५ ते १२ वर्षांची १०४१ मुलं, चार ते सहा वर्षं. काहींना रोज ब्युडेसोनाइड, काहींना दुसरं औषध, काहींना नुसता कोरा, औषध नसलेला पंप. निकाल २००० मध्ये आला. ब्युडेसोनाइड घेणाऱ्या मुलांना हॉस्पिटलात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण दर १०० मुलांमागे वर्षाला २.५ होतं, कोरा पंप घेणाऱ्यांत ४.४. तातडीने डॉक्टरकडे धावण्याचं प्रमाण १२ विरुद्ध २२. नळ्यांचा चिडकेपणा, म्हणजे धूळ-थंडी-धावपळीने चटकन आवळण्याची सवय, स्पष्टपणे कमी झाली. इथवर सगळं छान. पण साल्ब्युटामॉल देऊन नळ्या पूर्ण उघडल्यावर मोजलेला एफईव्ही-१, म्हणजे फुप्फुसाची खरी वाढ, दोन्ही गटांत जवळपास सारखीच राहिली. दोन-तीन वर्षांच्या लहानग्यांवर २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही हेच दिसलं. दोन वर्षं फ्लुटिकासोन (ब्युडेसोनाइडसारखंच पंपातलं स्टेरॉइड) दिलं तोवर फायदा झाला, बंद केल्यावर तो टिकला नाही.

हे ऐकून काही पालक नाराज होतात. मला मात्र यातून उपयोगी गोष्ट मिळते. तुमच्या मुलीच्या ७६ आणि ९० मधला जो फरक आहे, तो सुजेचा आणि आवळण्याचा आहे, आणि तोच पंपाने भरून निघतो. ती रात्री झोपेल, शाळा बुडणार नाही, लंगडी-खोखो खेळेल, दिवाळीत ऑक्सिजन लावायची वेळ येणार नाही. ९० च्या पुढचं काम फुप्फुसाच्या स्वतःच्या वाढीचं आहे. ही वाढ साधारण विशीच्या सुरुवातीपर्यंत चालू असते. ज्या मुलांना वारंवार मोठे झटके येतात ती या वाढीत मागे पडलेली दिसतात. ‘कॅम्प’मधल्याच ६८४ मुलांचा मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा मुलांच्या फुप्फुसांची वाढ पूर्णपणे नॉर्मल निघाली, आणि ११ टक्के तरुणपणीच सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या, निकषात बसले. सुरुवातीलाच आकडा कमी असलेल्या मुलांना हा धोका जास्त होता. म्हणून तिची स्पायरोमेट्री वर्षातून एकदा तरी व्हावी आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये राहावेत. एका रिपोर्टवरून फार कळत नाही. चार-पाच वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवले की तिची रेघ कुठे चालली आहे ते दिसतं.

उंचीबद्दल. बाबांची भीती निराधार नाही, आणि ती उडवून लावणाऱ्या डॉक्टरांशी मी सहमत नाही. श्वासावाटे घेतलेल्या स्टेरॉइडने पहिल्या वर्षी वाढ अर्धा ते एक सेंटिमीटरने मंदावू शकते. दरवर्षी तेवढीच घट होत राहते असं मात्र होत नाही. ‘कॅम्प’च्या मुलांची उंची मोठेपणी, पंचविशीच्या आसपास, पुन्हा मोजली आणि २०१२ मध्ये आकडे जाहीर केले. ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची सरासरी १७१.१ सेंटिमीटर, न घेतलेल्यांची १७२.३. फरक १.२ सेंटिमीटरचा. त्या मुलांचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम होता, तुमच्या मुलीचा २०० आहे. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बाबांना दाखवा. सतत खोकणारं, रात्री न झोपणारं, नीट न जेवणारं मूलही वाढत नाही. आणि प्रत्येक मोठ्या झटक्याला तोंडावाटे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड द्यावं लागतं. २४ किलोच्या मुलीला दिवसाला किमान २४ मिलिग्रॅम, पाच दिवसांचे १२० मिलिग्रॅम. पंपातून वर्षभर मिळणारं ब्युडेसोनाइड सगळं मिळून ७३ मिलिग्रॅम भरतं. ही दोन औषधं वजनाला वजन सारख्या ताकदीची नाहीत, ब्युडेसोनाइड जास्त जोरकस आहे. पण गोळी रक्तातून सगळ्या शरीरात फिरते. पंपातलं जे औषध पोटात जातं त्यातलं सुमारे ९० टक्के यकृत पहिल्याच फेरीत निष्प्रभ करतं. वर्षातले दोन-तीन गोळ्यांचे कोर्स टळले तर शरीरात जाणारं स्टेरॉइड एकंदरीत कमीच होतं. जास्त डोसची काळजी मात्र खरी आहे. फ्लुटिकासोन दिवसाला ५०० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त, महिनोन् महिने, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय चालू असेल तर शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणारी अधिवृक्क ग्रंथी मंदावू शकते. तुमच्या मुलीचा डोस त्याच्या जवळपासही नाही. तरी दर भेटीला तिची उंची भिंतीवरच्या पट्टीवर मोजून फाइलमध्ये लिहून घ्या.

सासूबाईंना सांगा की या पंपाचं व्यसन लागत नाही. डोळ्याला औषध हवं असेल तर आपण थेंब डोळ्यात टाकतो, त्यासाठी बाटलीभर औषध पीत नाही. साल्ब्युटामॉलच्या पातळ औषधाच्या एका चमच्यात २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका फवाऱ्यात १००. वीसपट औषध पाजून मुलाचे हात थरथरतात, छाती धडधडते, झोप उडते आणि आराम उशिरा पडतो. तरीही आपल्याकडे बाटली सौम्य आणि पंप कडक असा समज पक्का बसला आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्याची किंमत मुलं मोजतात. पुण्यासह भारतातल्या अनेक केंद्रांवर झालेल्या मोठ्या पाहणीत, छातीत घरघर होणाऱ्या दहातल्या आठ जणांना दम्याचं निदान कुणी दिलेलंच नव्हतं. जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, आणि दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यूही भारतातच होतात.

तुमच्या मुलीला आधी माँटेलुकास्ट दिलं गेलं असेल, कारण लेव्होसेट्रिझिन या ॲलर्जीच्या औषधासोबतची ती गोळी किंवा बाटली आपल्याकडे सर्रास लिहिली जाते. दम्याच्या रोजच्या उपचारात ते ब्युडेसोनाइडपेक्षा कमी पडतं. शिवाय २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काही मुलांमध्ये त्याने वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित स्वतःला इजा करण्याचे विचार येतात. ते चालू असताना मुलीचा स्वभाव बदलल्यासारखा वाटला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता पंप घ्यायची पद्धत. पंपातून औषध प्रचंड वेगाने बाहेर पडतं. थेट तोंडात मारलं तर बरंचसं घशावर आदळून तिथेच राहतं. आठ वर्षांच्या मुलीला दाबणं आणि श्वास घेणं एकाच क्षणी जमणं कठीण, मोठ्यांनाही ते जमत नाही. स्पेसर म्हणजे मधली रिकामी नळी. औषध तिच्यात क्षणभर थांबतं, वेग कमी होतो, जड थेंब तिथेच चिकटतात आणि बारीक कण श्वासाबरोबर खोल जातात. त्यामुळे छातीत औषध जास्त पोचतं आणि घशात कमी बसतं. स्पेसर फक्त तान्ह्या मुलांसाठी असतो असं औषधाच्या दुकानात कुणी सांगितलं तर ऐकू नका.

चार-पाच वर्षांपर्यंत मास्क लागतो. तुमच्या मुलीला मास्क नको, तोंडात धरायची नळी हवी. तिला ताठ बसवा किंवा उभं करा. पंपाचं टोपण काढून तो चार-पाच वेळा नीट हलवा आणि स्पेसरला लावा. नळी दातांच्या मध्ये, ओठ घट्ट मिटलेले. दातांच्या पुढे नुसती ओठांत धरली तर औषध दातांवर जातं. तिला श्वास सोडायला सांगा, मग एकदाच दाबा, आणि तिने सावकाश, खोल श्वास आत घ्यायचा. दहा सेकंद रोखता आला तर उत्तम. रोखता येत नसेल तर नळी तोंडात ठेवूनच पाच-सहा साधे श्वास घ्यायचे. काही स्पेसर फार जोरात ओढलं की शिट्टी वाजवतात. मुलांना ती शिट्टी वाजवायला आवडते, पण ती चुकीची खूण आहे हे तिला सांगा. दुसरा फवारा घ्यायचा असेल तर अर्धा मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून घ्यायचा. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये मारणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. कण एकमेकांना आणि भिंतीला चिकटतात, दुप्पट औषध वापरून छातीत कमी पोचतं. ब्युडेसोनाइडनंतर चूळ भरून पाणी थुंकायचं, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते. म्हणूनच मी दात घासण्याच्या आधीची वेळ सांगते. दात घासणं चुकत नाही, मग पंपही चुकत नाही.

नवीन प्लॅस्टिकच्या स्पेसरच्या आतल्या भिंतीवर स्थिर वीज असते, ती औषध ओढून घेते. वापरण्याआधी आणि नंतर आठवड्या-पंधरवड्यातून एकदा तो कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा, काढा आणि तसाच निथळत वाळू द्या. फडक्याने आतून पुसू नका, पुसल्याने वीज पुन्हा तयार होते. पंप संपला की नाही हे पाण्यात तरंगवून बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. आकडा दाखवणारा पंप असेल तर प्रश्न नाही. नसेल तर डब्यावर किती फवारे आहेत ते वाचा आणि हिशेब करून संपायची तारीख मार्करने डब्यावरच लिहा. २०० फवाऱ्यांचा पंप रोज दोनदा वापरला तर १०० दिवस जातो. त्यानंतरही दाबल्यावर फुस्स आवाज येत राहतो, पण त्यात औषध नसतं.

पुढच्या भेटीला पंप आणि स्पेसर दोन्ही घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर मुलीला घ्यायला लावा. “घेते ना बरोबर?” असं विचारलं तर सगळेच हो म्हणतात, बघितल्यावर वेगळं दिसतं. प्रवासात किंवा गावी स्पेसर नसेल तर केपटाउनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलेला उपाय लक्षात ठेवा. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडून, फट घट्ट बंद करून वापरलेली बाटली मुलांच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकीच चालली. पेल्याचा उपयोग सगळ्यात कमी झाला.

रोटाकॅपची, म्हणजे कॅपसूलमधली श्वासाने ओढून घ्यायची, पावडर काही घरांत वापरतात. तिला जोरात आणि पटकन ओढावं लागतं, साधारण सहा-सात वर्षांच्या पुढेच ते जमतं, आणि झटक्यात मूल दमलेलं असताना जमत नाही. कोकणात पावसाळ्यात ती पावडर ओल धरून गोळा होते. तुमच्याकडे मी पंप आणि स्पेसरच ठेवेन. पावडरच वापरत असाल तर कॅपसूल घ्यायच्या क्षणीच पाकिटातून काढा, आणि बाथरूममधल्या कपाटात डबी ठेवू नका.

नेब्युलायझर म्हणजे वाफेचं मशीन घरी घ्यावं का, हा प्रश्न मला रोज येतो. तुमच्या मुलीला गरज नाही. साध्या आणि मध्यम झटक्यात स्पेसरमधून दिलेलं साल्ब्युटामॉल मशीनइतकंच काम करतं, मुलं आपत्कालीन विभागातून लवकर घरी जातात आणि त्यांची नाडीही कमी धावते. मशीनला दहा मिनिटं आणि वीज लागते, स्वच्छता राखली नाही तर त्यात जंतू वाढतात. रडणाऱ्या बाळाच्या तोंडासमोर हातभर लांब धरलेल्या वाफेतून तर छातीत जवळजवळ काहीच जात नाही. ऑक्सिजन लागण्याइतका झटका मोठा असेल तेव्हा मशीनला जागा आहे, आणि ती जागा हॉस्पिटलात आहे.

पंप घेत असतानाही घरातला धूर तसाच राहिला तर औषधाचं निम्मं बळ त्याच्याशी लढण्यात जातं. मच्छर अगरबत्तीची एक गुंडाळी जळते तेव्हा ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, हे मोजून पाहिलेलं आहे. तिच्या खोलीत मच्छरदाणी लावा. धूप, कापूर आणि उदबत्ती ती घरात नसताना किंवा अंगणात. पावसाळ्यात घरात वाळत घातलेल्या ओल्या कपड्यांनी भिंतींना बुरशी धरते, ती दिसली की पुसून काढा. गादी-उशी उन्हाळ्यात कडक उन्हात घाला. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ती बाहेर ओढून आल्यानेही कपड्यांतून धूर येतोच. केळी, दही, ताक बंद करायला मी सांगत नाही. ज्या पदार्थाने दरवेळी त्रास होतो असं तुम्ही स्वतः पाहिलं असेल तो सोडून काहीही बंद करू नका, वाढत्या मुलीला सगळं खाऊ द्या.

मृगाला हैदराबादला नेऊन जिवंत मासा गिळवण्याबद्दलही आपल्याकडून बरेच पालक विचारतात. त्याने फुप्फुसांचा आकडा सुधारतो असा पुरावा नाही. माझी चिंता वेगळी आहे. मृग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागतो, पाऊस आणि शाळा एकदम सुरू होतात, सर्दीच्या साथी येतात, आणि नेमकं तेव्हाच “आता मासा घेतला” म्हणून पंप बंद होतो. श्रद्धेने जायचं असेल तर जा, पण पंप एक दिवसही थांबवू नका.

आयुष्यभराच्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे, निदान आज तरी. सलग तीन महिने ती दिवसा-रात्री मोकळी राहिली, खेळली, साल्ब्युटामॉल क्वचितच लागलं, तर डॉक्टर डोस पाव ते निम्म्याने कमी करतील, मग पुन्हा थांबून बघतील. डोस कमी करायला ऋतू शांत हवा. पावसाळ्याच्या तोंडावर, दिवाळीच्या फटाक्यांत किंवा परीक्षेच्या आठवड्यात मी कधी कमी करत नाही. कोकणात मला फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला सुरुवात करणं बरं वाटतं. बऱ्याच मुलांचा त्रास मोठेपणी कमी होतो, काहींचा पुन्हा येतो. ज्यांना ॲलर्जी जास्त आणि सुरुवातीलाच आकडा कमी, त्यांच्याकडे जास्त काळ लक्ष ठेवावं लागतं.

आणि तीन महिने नीट पंप घेऊनही फरक पडला नाही तर? आधी पद्धत पुन्हा तपासायची, मग खरोखर रोज घेतला जातो का ते पाहायचं. एवढं झाल्यावर निदानाबद्दल शंका घ्यायची. सतत ओला, कफाचा खोकला, वजन न वाढणं, बोटांची टोकं फुगणं, बारीक ताप, घरात कुणाला टीबी, किंवा शेंगदाणा-बी श्वासनळीत अडकून अचानक सुरू झालेला त्रास, यांपैकी काही असेल तर तो दमा नसू शकतो. तेव्हा डोस वाढवत बसण्यापेक्षा छातीचा एक्स-रे आणि पुढच्या तपासण्या कराव्यात.

शेवटी झटक्याचं, आणि हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा, शाळेतल्या बाईंनाही एक प्रत द्या. खोकला-धाप वाढली की साल्ब्युटामॉलचे चार फवारे, एकेक करून, स्पेसरमधून, प्रत्येकामागे पाच-सहा श्वास. वीस मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा तेवढेच आणि हॉस्पिटलची तयारी करा. वाटेतही दर वीस मिनिटांनी देत राहायला हरकत नाही. मुलगी पूर्ण वाक्य बोलू शकत नसेल, पोट उडत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर झाले असतील, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९२ च्या खाली असेल किंवा ती गुंगल्यासारखी होत असेल, तर एक फेरीसुद्धा पूर्ण व्हायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. इतका वेळ वाजणारी छाती अचानक शांत झाली आणि मूल तसंच दमलेलं दिसलं, तर तो आराम समजू नका. हवा आत-बाहेर जाणंच कमी झालेलं असतं. घरी उरलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या डॉक्टरांनी आधी लिहून दिल्या नसतील तर स्वतःच्या मनाने देऊ नका. आणि ब्युडेसोनाइडचा पंप झटक्याच्या दिवसांतही दोन्ही वेळा चालूच ठेवा.